सोसायटीतल्या लोकांना हालतं कसं करायचं? (ओपन जिमचा ठराव करण्याआधी)

पायवाट
पुण्याच्या पश्चिमेकडची एक सोसायटी धरा. चार इमारती, दोनशेच्या आसपास फ्लॅट, आतून फिरणारा एक गाडीरस्ता, मधोमध छोटी बाग, खाली पोडियम पार्किंग. सर्वसाधारण सभेत ठराव आलाय, की सभासदांचा लठ्ठपणा कमी व्हावा म्हणून शिल्लक निधीतून तीन लाख खर्च करा. समितीतल्या निम्म्या लोकांना ओपन जिम हवी आहे. ती दिसते, फीत कापता येते, फोटो निघतो.

माझं मत: यंत्रं सर्वांत शेवटी. आधी रस्ता, उजेड, वेळ आणि सोबत. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीचे २०१४ साली आलेले आकडे महाराष्ट्र धरून चार ठिकाणचे होते. त्यात निम्म्याहून जास्त, ५४.४ टक्के लोक निष्क्रिय निघाले आणि फावल्या वेळात व्यायाम किंवा खेळ करणारे दहा टक्केही नव्हते. म्हणजे आपल्याला व्यायाम करणाऱ्यांची सोय वाढवायची नाहीये, न करणाऱ्या नव्वदांना घराबाहेर काढायचंय. त्यासाठी तीन लाखांत नेमकं काय करावं? प्रवचन नको, तपशील द्या.

मीठभाकर
धाग्याचा पायाच डळमळीत आहे. चालून वजन उतरत नाही. हिशोब करा: ७० किलोचा माणूस ताशी पाच किमीने अर्धा तास चालला तर ३.५ मेट (स्वस्थ बसण्याच्या साडेतीन पट ऊर्जा) गुणिले ७० गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे १२२ कॅलरी. त्यातल्या ३५ तो सोफ्यावर बसूनही जाळणार होता. निव्वळ कमाई ८७. परतताना गेटवर एक वडापाव, २५० ते ३०० कॅलरी. तीन लाख स्वयंपाकघरावर खर्च करा.

हौशी_गवई
वडापाववाल्याला गेटपासून अडीच किमीवर हलवा. प्रश्न मिटला.

आकडेमोड
मीठभाकर, हिशोब बरोबर, निष्कर्ष अर्धाच. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची २००९ ची भूमिका हेच सांगते: आठवड्याला १५० ते २५० मिनिटांनी वजन थोडंच घटतं, पण वाढणं थांबतं. दखल घेण्याजोगी घट २५० मिनिटांच्या पुढे. चाळिशीच्या आसपास हळूहळू चढत जाणारं वजन रोखलं गेलं तर वस्तीच्या पातळीवर तो मोठा फायदा आहे. शिवाय काट्यावर काहीच दिसलं नाही तरी साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि यकृतातली चरबी सुधारते.

म्हणून पहिली सूचना: ठरावात 'वजन' हा शब्द नको, 'कंबर' घाला. २०२३ च्या इंडियाबमध्ये देशात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ च्या वर २८.६ टक्के लोक होते, पण पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्क्यांना. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, हा प्रकार काट्याला कळतच नाही. मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०. मोजायची जागा पँटचा पट्टा नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप, जमिनीला समांतर, आणि नेहमीचा श्वास सोडून झाल्यावर वाचायचा. पोट आत ओढलं की चार सेंमी सहज चोरले जातात.

दुसरी सूचना: 'सर्वाधिक वजन घटवा' स्पर्धा अजिबात नको. शेवटच्या आठवड्यात लोक उपाशी राहतात, पाणी तोडतात, बक्षीस घेतात आणि दोन महिन्यांत जैसे थे. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते चारचौघांत काट्यावर उभं राहायला नको म्हणून घरीच बसतात.

टेकडीकर
रस्त्याबद्दल.

फेऱ्याची लांबी मोबाइलने मोजू नका. उंच इमारतींच्या मधे जीपीएस भिंतींवर आपटून येतं, ४०० मीटरचा फेरा कधी ३६० दाखवतो कधी ४७०. तीस मीटरची टेप आणि दोन माणसं, नाहीतर सर्व्हेअरकडचं मोजचाक अर्ध्या दिवसासाठी आणा. आतल्या कडेपासून साधारण एक फूट सोडून मोजा, लोक तिथूनच चालतात. दर ५० मीटरला खूण, १०० ला आकडा. ४०० चा फेरा निघाला तर सहा फेऱ्या म्हणजे २.४ किमी, झपझप चालीचा अर्धा तास. 'किती चालू?' याचं उत्तर जमिनीवरच लिहिलेलं असलं की नवखा माणूस टिकतो.

मग तो फेरा संध्याकाळी सात वाजता डोळे उघडे ठेवून चाला आणि कुठे पाय थबकतो ते लिहा. खचलेले पेव्हर, चेंबरचं वर आलेलं झाकण, कडेला लावलेल्या दुचाकी, रॅम्पचं तोंड, मागच्या बाजूचा एक बंद दिवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पदपथ नियमावलीत (आयआरसी १०३) मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. दोन माणसं शेजारी शेजारी गप्पा मारत जायला तेवढी लागतेच. गप्पा झाल्या नाहीत तर बहुतेक लोक दुसऱ्या आठवड्यात गळतात.

खचलेल्या पेव्हरवर वरून सिमेंट थापू नका, पावसाळ्यात पाणी खाली जाऊन शेजारचेही खचतात. ब्लॉक काढा, वाळूचा थर परत सारखा करून दाबा, तेच ब्लॉक बसवा. शेवाळ मे अखेरीस काढा, ब्लीचिंग पावडर आणि ताठ ब्रशने. जुलैत घसरून कोणाचं मनगट मोडलं की वॉकिंग ग्रुप त्या दिवशी संपतो.

लोखंडीपार्क
ओपन जिमबद्दल थोडं, कारण कोटेशन मागवलेलंच असेल.

एअर वॉकर (उभं राहून पाय पुढे-मागे झुलवायचं यंत्र), जोडपाळण्यासारखा झुलणारा सर्फबोर्ड, कमरेची चकती: या तिन्हींत रोधच नाही. पाय स्वतःच्या वजनाने झुलतात. सांधे मोकळे होतात हे खरं, पण धाप लागत नाही. म्हणून शंभर जण उद्घाटनाच्या आठवड्यात, नंतर पोरं लोंबकळायला.

बिघडतं काय? बेअरिंगमध्ये पाणी जातं, सुकतं, मग कर्कश आवाज. पावडर कोटिंग खरचटलं की वेल्डच्या जोडापासून गंज, विशेषतः पाय ठेवायच्या पट्टीखाली, जिथे कोणी पाहत नाही. पायाचे बोल्ट सैल होतात कारण काँक्रीटचा ठोकळा उथळ टाकलेला असतो. देखभाल करार लेखी नसेल तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते यंत्र दोरी बांधून 'नादुरुस्त'.

घ्यायचंच तर हलणारा भाग नसलेलं घ्या: समांतर दांड्या, तीन वेगवेगळ्या उंचीचे आडवे बार, तिरकं बाक, साताठ इंच उंचीची रुंद पायरी. याला ग्रीस लागत नाही. खाली फरशी नको, वाळू किंवा रबर. आणि बसवा फेऱ्याच्या कडेला, बागेच्या कोपऱ्यात नाही. चालणारा माणूस मधे थांबून दहा उठाबशा काढेल, मुद्दाम वाट वाकडी करून जाणार नाही.

दुपारची_पाळी
वरच्या सगळ्या प्रतिसादांत एक वेळ गृहीत धरलेली दिसते: सकाळी सहा ते आठ. दोनशे घरांत त्या वेळी काय चालू असतं? डबे, पाणी, शाळेची बस, दूधवाला. 'सकाळी ६.३० वाजता मोफत योग' असा फलक लावला की येतात निवृत्त काका, जे तसेही टेकडीवर जातच होते. मग समिती म्हणते, बायकांना उत्साहच नाही.

दोन वेळा ठेवून बघा: सकाळी अकरा आणि रात्री सव्वानऊ. अकराच्या गटाला सावली लागते, म्हणून पोडियम. तिथे गाड्या निघून गेलेल्या असतात, जागा मोकळी. सव्वानऊच्या गटाला उजेड लागतो आणि स्पीकर दहाच्या आत बंद करावा लागतो, तो कायदाच आहे. उजेड म्हणजे एकच झगझगीत हॅलोजन नव्हे, त्याने मागचा अंधार आणखी गडद होतो. कमी वॅटचे जास्त दिवे, माणसाचा चेहरा ओळखू येईल असे. आणि फेऱ्याकडे तोंड करून ठेवलेले बाक फिरवा. तिथे बसून टक लावणाऱ्यांपायी किती जणी चालायच्या थांबतात हे कोणत्याही पाहणीत येत नाही.

मुलांना कुठे ठेवायचं, हा प्रश्न सोडवला नाही तर तीस ते चाळीस वयोगटातली एकही आई येणार नाही. त्याच अर्ध्या तासात, नजरेच्या टप्प्यात, मुलांचा खेळ हवा.

लगोरी
+१ दुपारची_पाळी. पण मुलांना खेळायला जागा कुठे आहे? 'चेंडू खेळण्यास सक्त मनाई' ही पाटी पहिल्यांदा काढा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं सांगते आणि आपण पाटी लावून त्यांना मोबाइलकडे ढकलतो.

खो-खोला नियमाचं मैदान २७ गुणिले १६ मीटर, ते मिळणार नाही. लंगडी लहान चौकात बसते, आणि धाप लागण्यात ती कोणाला हार जात नाही. लगोरीला टेनिस बॉलऐवजी कापडी किंवा स्पंजचा चेंडू, म्हणजे तळमजल्याच्या काचा वाचतात. बाकी काचांसाठी नायलॉनची जाळी, तीन मीटर उंच, दोन बाजूंना. खर्च ओपन जिमच्या एका यंत्राइतकाही नाही.

वेळ पाच ते सात, आणि तेवढ्या वेळात मागच्या बाजूचा गाडीरस्ता बंद.

उपविधी_१७५
बंद म्हणजे कसा बंद? अग्निशमन गाडीचा मार्ग अडवता येत नाही. रुग्णवाहिका आली तर? अपंग सभासदाची गाडी?

लगोरी
साखळी आणि दोन प्लास्टिकचे कोन, वॉचमन दहा सेकंदांत हलवतो. पक्का अडथळा घालायचाच नाही. मागच्या रस्त्यावरच्या गाड्यांना त्या दोन तासांसाठी पुढचं फाटक. एक महिना प्रायोगिक म्हणून समितीत मंजूर करून घ्या, 'कायमचं' म्हटलं की सभा दोन तास चालते.

उपविधी_१७५
प्रायोगिक असेल तर हरकत नाही. इतिवृत्तात तारीख लिहा.

बसस्टॉप
हे सोसायटीपुरतं का? कोलंबियातल्या बोगोता शहरात १९७४ पासून दर रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन सव्वाशे किमीच्या जवळपास रस्ते गाड्यांना बंद करतात. मुंबईत पोलिसांनी २०२२ मध्ये 'संडे स्ट्रीट्स' केलं, पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांना मोकळा करतात. फरक एवढाच, की तिथे दर आठवड्याला, इथे वर्षातून एकदा सेल्फीपुरता. सवय आठवड्याच्या ठराविक वाराने लागते, 'दिन' साजरे करून नाही.

जिन्याचा_कठडा
जिना राहिला. तीन लाखांतला सर्वांत स्वस्त व्यायाम. लोक जिना वापरत नाहीत कारण तो अंधारा, कोंदट आणि चपलांच्या रॅकनी भरलेला असतो. रॅक हटवा (जिन्यात सामान ठेवणं अग्निसुरक्षेच्या नियमांतही बसत नाही), प्रत्येक वळणावर हालचालीने लागणारा दिवा, आणि लिफ्टच्या बटणाशेजारी, बरोबर तिथेच, एक ओळ: 'तिसऱ्यापर्यंत? जिना डावीकडे.' सूचना निर्णयाच्या जागी असली तरच काम करते, तळमजल्याच्या फलकावर लावून उपयोग नाही.

हाडं_आणि_सांधे
जिना चढणं चांगलं, पण गुडघे कुरकुरणाऱ्यांनी चढावं आणि लिफ्टने उतरावं. उतरताना वाटीच्या सांध्यावर भार जास्त येतो. जिन्याची पाटी लावाल तिथे हेही छोट्या अक्षरात लिहा.

सुरुवातीला कोणाला थांबवायचं, हे गटप्रमुखाला माहीत हवं. चालताना छातीत दडपण येतं, चक्कर येते, अलीकडे हृदयाचा त्रास झालाय: आधी डॉक्टर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी झपझप चालणं नको, रक्तातली साखर एकदम कोसळू शकते; खिशात तीन चमचे साखर बसेल अशी पुडी. फक्त मेटफॉर्मिन असेल तर साखर अशी कोसळण्याची शक्यता फार कमी. मधुमेह्यांनी घरी गेल्यावर तळवे आरशात पाहायचे. बधिर पायाला फोड कळत नाही. घसरत्या स्लीपरमध्ये चालणाऱ्याला बुटांशिवाय तिसऱ्या फेरीला सोडू नये.

नवख्यांना पहिला आठवडा दहा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच वाढवत अर्ध्या तासापर्यंत. वेग कसा ओळखायचा? बोलता यावं, गाता येऊ नये. गाणं जमतंय तर वेग कमी आहे.

आणि नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवा, नाहीतर साठीनंतर स्नायू झडतात आणि चालणंही आपोआप कमी होतं. सोसायटीत करता येण्याजोगी चाचणी: सुमारे १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ आणि बायकांना ११ च्या खाली आलं तर पाय कमकुवत. त्यावर औषध म्हणजे तीच खुर्ची, रोज दहाच्या दोन खेपा.

हौशी_गवई
गाता येऊ नये म्हणे. माझ्यावर वैयक्तिक हल्ला झालेला आहे. 😐

डबल_डेकर
स्टेप चॅलेंज घ्या की. ॲप आहे, विंगवार गुणतक्ता, १०,००० पावलं.

आकडेमोड
१०,००० हा आकडा १९६५ च्या एका जपानी पेडोमीटरच्या जाहिरातीतून आलाय, वैद्यकातून नाही. २००० पावलं चालणाऱ्याला १०,००० दाखवलं की तो पहिल्याच दिवशी हात टेकतो. पहिल्या आठवड्यात नुसती नोंद, मग स्वतःच्या सरासरीवर दीड-दोन हजार वाढ, एवढंच लक्ष्य. मोजायचंच तर वेग मोजा: मिनिटाला १०० पावलं म्हणजे मध्यम तीव्रता. अर्ध्या तासात ३०००, ॲपशिवाय घड्याळावर मोजता येतं.

आणि गुणतक्ता व्यक्तीचा नको, विंगच्या सरासरीचा हवा, त्यात भाग न घेणाऱ्यांची शून्यं धरून. मग पहिला येणारा गडी स्वतःची २५,००० वरून ३०,००० करण्याऐवजी शेजारच्या जोशीकाकूंना खाली आणतो. व्यक्तीला बक्षीस ठेवलं की मोबाइल झोक्याला बांधून पावलं वाढवणारे प्रत्येक सोसायटीत निघतात.

डबल_डेकर
झोक्याची आयडिया नोंद करून घेतली आहे.

अण्णानगर
धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाला धरून एक नोंदलेलं उदाहरण. चेन्नईत मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने अर्बन पॉप्युलेशन स्टडी केली, तिचा २००६ चा लेख बघा. आशियाड कॉलनी या मध्यमवर्गीय वसाहतीत सुरुवातीला आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा व्यायाम करणारे १४.२ टक्के होते, काही वर्षांनी ५८.७ झाले. मधे काय झालं? आधी व्याख्यानं आणि चित्रफिती, मग रहिवाशांनी आपणहून वर्गणी काढून बाग बांधली. क्रम महत्त्वाचा आहे. बिल्डरने दिलेली बाग असते तशीच पडून राहते, वर्गणी दिलेल्या बागेत माणूस पैसे वसूल करायला तरी जातो.

म्हणून तीन लाख सगळे निधीतून काढू नका. प्रत्येक घराकडून निदान शंभर रुपये घ्या.

लेझीमवाली
हे सगळं फार शिस्तीचं झालं. श्रावणात मंगळागौरीचे खेळ, गणपतीआधी सहा आठवडे लेझीम, कोणाला व्यायाम वाटत नाही. झिम्मा, फुगडी, आगोटापागोटा सलग वीस मिनिटं करून बघा. फक्त पाठदुखी आणि गरोदरपणात फुगडी नको, आणि ओल्या फरशीवर तर मुळीच नको. लेझीम चाळीस मिनिटं, पहिली दहा नुसत्या पावलांची, मग लेझीम हातात. लेझीमच्या खाली वाकायच्या प्रकारांत कंबर नव्हे, गुडघे वाकवायचे.

अडचण एकच: अनंत चतुर्दशीला सगळं थांबतं. म्हणून विसर्जनाच्या दुसऱ्याच आठवड्यात कोजागरीच्या कार्यक्रमाची तालीम लावायची. मग दिवाळीनंतर किल्ले मोडेपर्यंत मधे खंड नको.

टेकडीकर
ऋतूंबद्दल एक. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा सर्वांत वाईट असते, थंड हवेखाली धूर अडकून राहतो. दम्याच्या लोकांनी त्या दोन महिन्यांत ऊन पडल्यावर चालावं. शेकोट्या आणि पालापाचोळा जाळणं सोसायटीने बंद केलं तर आणखी बरं. एप्रिल-मेमध्ये साडेसातच्या आत आटपा.

पायवाट
प्रतिसाद वाचून आराखडा बदललाय. दिवे आणि वायरिंगला एक लाख दहा हजार. पेव्हर, झाकणं, शेवाळ मिळून साठ हजार. जिन्यांचे दिवे तीस. जाळी, कोन, खेळाचं सामान पंचवीस. न हलणारे बार आणि पायरी पन्नास. उरलेले पंचवीस हजार राखीव, आणि घरटी शंभर रुपये वेगळे, ते प्रशिक्षक किंवा लेझीम शिकवणाऱ्यासाठी. वॉचमन बारा तास खुर्चीत बसतात, त्यांनाही दर तासाला एक फेरा ड्यूटीत लिहून देणार आहोत. सुरक्षेलाही बरं.

मोजमाप: कामाआधी एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी सात, अकरा आणि रात्री सव्वानऊला १५-१५ मिनिटं उभं राहून फेऱ्यावरची माणसं मोजायची, बायका-पुरुष-मुलं वेगळी. तीन आणि सहा महिन्यांनी परत, त्याच वारी त्याच वेळी. कंबर ऐच्छिक, आकडा ज्याचा त्याच्याजवळ.

एक शंका: गटप्रमुख किती?

दुपारची_पाळी
प्रत्येक वेळेला दोन. एकच असला की तो गावाला गेला की गट बसला. आणि नियम असा, की एकच माणूस आला तरी ठरल्या वेळी निघायचं. 'सगळे येऊ देत' म्हणून दहा मिनिटं थांबलात की पुढच्या आठवड्यापासून सगळे दहा मिनिटं उशिराच येतात.

मीठभाकर
कंबर धरलीत म्हणून विरोध मागे घेतो, पण अर्धाच. रविवारच्या सामूहिक चालीनंतर समिती सामोसे आणि जिलबी वाटते, ते बंद होणार का हे इतिवृत्तात लिहा. ताक आणि चणे ठेवा.

हौशी_गवई
जिलबीला स्थगन प्रस्ताव येणार, आत्ताच सांगतो.

उपविधी_१७५
अंतराच्या खुणांसाठी रंग कोणता? मागे ऑइल पेंटने पट्टे मारले होते, पावसात त्यावरूनच लोक घसरले.

लोखंडीपार्क
ऑइल पेंट नको. रस्त्याला मारतात तो रोड मार्किंग पेंट, ओला असतानाच वरून बारीक कोरडी वाळू भुरभुरवा, म्हणजे पकड राहते. ब्लॉक आधी धुऊन दोन दिवस वाळू द्या, नाहीतर पोपडे निघतात. पट्टा चार इंचांहून रुंद नको, आणि वळणावर खूण टाकायचीच नाही, पाच मीटर पुढे ढकला.